नर्सिंगच्या मुलामुलींना एआय वापरू द्यावं की नाही?

मेधा_सुदामानगर
नमस्कार मंडळी. मी इंदूरच्या एका खाजगी नर्सिंग कॉलेजात बीएस्सीच्या मुलींना (आणि हल्ली बऱ्यापैकी मुलांनाही) मेडिकल-सर्जिकल शिकवते. केअर प्लॅनच्या (एकेका रुग्णाची काळजी कशी घ्यायची त्या आराखड्याच्या) फाइली तपासताना डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून हा धागा. सगळ्यांचं इंग्रजी अचानक झकास, व्याकरण चोख, आणि मजकूर सगळ्यांचा तोच. परवा आयसीयू पोस्टिंगची एक फाइल आली, रुग्ण व्हेंटिलेटरवर, तोंडात नळी, बेशुद्ध, आणि अपेक्षित परिणामाच्या रकान्यात काय तर "रुग्ण स्वतःच्या शब्दांत सांगेल की त्याची चिंता कमी झाली आहे". मी मुलीला विचारलं, अगं हा सांगणार कसा? तर म्हणे मॅडम फॉरमॅटमध्ये असंच असतं.

प्राचार्य म्हणतात सरळ बंदी घाला. तिकडे मॅनेजमेंटने ब्रोशरवर "एआय-युक्त शिक्षण" छापूनही टाकलंय. नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात दुसऱ्या सेमिस्टरला हेल्थ इन्फॉर्मेटिक्स आहेच, त्यामुळे तंत्रज्ञान नकोच असं म्हणायची सोय नाही. इथे नर्सिंगवाले, डॉक्टर, आयटीवाले सगळेच आहेत तर प्रत्यक्ष कोण काय करतंय ते सांगा. "शाप की वरदान" टाइप निबंध कृपया नकोत, ते शाळेत लिहून झालेत.

भियाजी
मेधाताई, आधी सीनियरच्या फाइलवरून उतरवायच्या, आता मशीनवरून. तेवढीच सीनियरला द्यायची कचोरी वाचली.

निवृत्त_मेट्रन
भिया, कचोरी नाही, आमच्या वेळी सीनियरचे कपडे इस्त्री करायला लागायचे.

मेधा, कॉपी जुनीच आहे त्याचं मला काही वाटत नाही. मला भीती वेगळी वाटते. नातवाकडे ते ॲप आहे, त्याला म्हटलं विचार बरं याला, ५०० एमएल सलाईन ४ तासांत द्यायचं आहे, मिनिटाला किती थेंब? फटकन उत्तर आलं, ३१. वर सगळी रीतही दाखवली, अगदी वहीत लिहावी तशी. मी म्हटलं याने सेट (सलाईनची नळी) कुठला धरला? तर १५ थेंबांचा. अरे बाबा आमच्या वॉर्डात जो साधा सेट येतो त्याच्या पाकिटावर २० थेंब म्हणजे १ एमएल असं छापलेलं असतं. त्या हिशोबाने ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, ४२ थेंब झाले. ३१ ने लावलं तर ४ तासांचं सलाईन साडेपाच तासांच्या आसपास चालेल. गणित बरोबर पण सेट दुसऱ्याच देशातला! आणि लहान मुलांच्या वॉर्डात मायक्रोड्रिप असतो तो ६० थेंबांचा, तिथे अजून वेगळं. पाकीट हातात घेऊन वाचायची सवय लागली नाही तर पोरगी ३१ लावून निश्चिंत बसेल.

कोडकरी
मेट्रन मावशी, एकदम करेक्ट पकडलंत. मी नर्सिंगमधला नाही, सुपर कॉरिडॉरला एका कंपनीत हेच काम करतो म्हणून थोडं सांगतो. या मॉडेलला तुमचा वॉर्ड माहीत नसतो. त्याने प्रचंड मजकूर वाचलेला असतो आणि त्यावरून पुढचा शब्द कुठला येईल याचा अंदाज बांधत ते लिहितं. त्यातला खूप मोठा हिस्सा अमेरिकन, तिथे १०, १५, २० असे सगळे सेट चालतात, त्यातला एक त्याने उचलला. तुम्ही प्रश्नातच "सेट २० थेंबांचा आहे" असं दिलं असतं तर ४२ च आलं असतं. पण गोची अशी की हे द्यायला हवं हे ज्याला कळतं त्याला मशीनची गरजच नाही :)

माझं मत, त्याला उत्तरं विचारू नका, त्याच्याकडून प्रश्न काढून घ्या. "सेटचा आकडा मुद्दाम न देता थेंबांची दहा गणितं तयार कर, विद्यार्थ्याने आकडा विचारला तरच सांग" असं सांगून बघा. मस्त करतं.

स्वरा_तिलकनगर
हे भारी आहे. वाचतेय.

डॉ_खडूस
थेंबांचं जाऊ द्या, सलाईन तासभर उशिरा संपलं तर बहुतेक वेळा निभावतं. इन्सुलिनचं बघा. आपल्याकडे एका एमएलमध्ये ४० युनिट असलेली वायलही (बाटली) चालते आणि १०० युनिटचीही. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी. बाहेरच्या मजकुरात १०० च गृहीत धरलेलं असतं, तिथे ४० चा उल्लेख सापडत नाही म्हटलं तरी चालेल. आता १०० ची वायल घेऊन कोणी ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर आत गेलं अर्धा एमएल, म्हणजे ५० युनिट. २० च्या जागी ५०. पेशंट पहाटे साखर उतरून थंडगार सापडेल. उलटं केलं, ४० ची वायल आणि १०० ची सिरिंज, तर २० च्या खुणेला फक्त ८ युनिट जातात आणि मग दोन दिवस सगळे विचार करत बसतात की साखर उतरत का नाही.

हे ज्या मशीनला आपणहून सुचत नाही ते माझ्या वॉर्डात शिकाऊ मुलींच्या हातात नको. वर शेवटी संदर्भग्रंथांची यादी देतात त्यातली निम्मी पुस्तकं कोणी लिहिलेलीच नसतात. एकीने मला अशा पुस्तकाचं पान क्रमांकासकट नाव दिलं होतं. बंदी घाला, प्राचार्य बरोबर आहेत.

अन्वया_थर्डइयर
सर मी त्याच "शिकाऊ मुलींपैकी" एक आहे (मेधा मॅडमच्या कॉलेजची नाही 😅) तर आमची बाजू पण ऐका ना. माझी शाळा हिंदी मीडियम, घरी मराठी, आणि इथे आल्यावर सगळी पुस्तकं इंग्रजीत. एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) शिकवलं तेव्हा पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५, बायकार्ब २२ ते २६ हे पाठ झालं पण कोण वाढलं की कोण कमी होतं आणि का, हे वर्गात चाळीस मुलींमध्ये परत परत विचारायची लाज वाटते. ॲपला मी रात्री होस्टेलवर पडल्या पडल्या विचारत राहते, हिंदीत विचारते मग मराठीत विचारते, ते वैतागत नाही, "हे तर फर्स्ट इयरचं आहे" असं म्हणत नाही. नॉरसेटची (एम्सच्या नर्सिंग भरतीच्या परीक्षेची) तयारी पण त्यावरच करून राहिले आहे. चुकतं कधी कधी, मग पुस्तकात बघते.

आणि केअर प्लॅनचं खरं सांगू का, आम्ही कॉपी करतो कारण तुम्ही पानं मोजता. पेशंट कोण होता हे व्हायवात कोणी विचारत नाही, फाइल भरली का, कव्हर लावलं का, इंडेक्सवर सही आहे का. नाइट करून आल्यावर सकाळी फाइल द्यायची असते. मग मुली काय करतील.

भियाजी
ओ भाई साहब. पोरीने सगळ्या मॅडम लोकांना एका दमात धुतलं.

निवृत्त_मेट्रन
बरोबर बोलतेय ती. धुवायलाच हवं होतं कोणीतरी.

डॉ_खडूस
अन्वया, रात्री समजून घेण्यासाठी वापरतेस त्याला माझी ना नाही. पण तू पुस्तकात बघतेस, तुझ्या शेजारची बघते का? आणि वैतागत नाही म्हणतेस तेच मला खटकतं. तुझं चुकलं तरी ते "फार छान प्रश्न विचारलात" म्हणतं. वॉर्डात सिस्टर इन्चार्ज असं म्हणणार नाही.

मालवी_मिरची
मी सरकारी हॉस्पिटलला स्टाफ आहे, मेडिसिन वॉर्ड. एक वेगळीच गोष्ट सांगते. आमच्याकडे इंटर्नशिपला येतात त्या मुलींना इंजेक्शन येतं, कॅथेटर येतं, पण पेशंटशी बोलता येत नाही. झाबुआ, अलीराजपूर, धार, खरगोनकडून माणसं येतात, अर्ध्यांना हिंदी अडखळत येतं, आणि मुली शहरातल्या, "आपको दर्द कब से है" विचारून पेन उघडून उभ्या. समोरून उत्तर येतं ते शेजारच्या गावातल्या लग्नापासून सुरू होतं.

तर मी भाचीला (ती पण नर्सिंगला आहे) एआयला पेशंट बनवायला लावलं. "तू पन्नाशीची बाई आहेस, छातीत जळजळ होतेय, मी तुझी हिस्ट्री घेणार" वगैरे. पहिल्यांदा केलं तेव्हा फारच सुशिक्षित पेशंट निघाली, तीन दिवसांपासून, जेवणानंतर वाढतं, डाव्या हाताकडे जातं, दहापैकी सहा, सगळं ओळीने सांगून मोकळी. असा पेशंट मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. मग मी सांगितलं, ही बाई स्वतः बोलणार नाही, तिच्या वतीने सून बोलेल, सुनेला अर्धीच माहिती आहे, आणि तंबाखूचं विचारलं तर दोघी नाही म्हणतील, तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारल्यावरच कबूल करतील. मग आली मजा! भाची घामाघूम.

भियाजी
याला सासू-सून मोड नाव द्या आणि पेटंट घ्या.

कोडकरी
मिरचीताई हा खरा उपयोग आहे. बोलून वापरता येतं हल्ली, टाइप करायची पण गरज नाही. फक्त मालवी-निमाडीची फार अपेक्षा ठेवू नका, हिंदीलाच थोडा तडका मारून देतं. भिली तर विसराच, तिचा लिखित मजकूरच नेटवर नगण्य आहे तर मॉडेल शिकणार कशावरून.

इतिहासप्रेमी_नंदू
थोडं अवांतर. खोट्या पेशंटवर शिकायची पद्धत नर्सिंगमध्ये शंभर वर्षांहून जुनी आहे. १९११ साली अमेरिकेत हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलने एका बाहुल्या बनवणाऱ्या बाईंकडून माणसाच्या उंचीची बाहुली करून घेतली, तिला मिसेस चेस म्हणत. अंथरूण बदलणं, कूस बदलणं तिच्यावर शिकवायचे. आणि सीपीआरची डमी असते ती ॲन, १९६० ची, नॉर्वेच्या लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्याने केली. तिचा चेहरा पॅरिसला सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतला असं सांगतात.

स्वरा_तिलकनगर
बापरे, रात्री नको होतं वाचायला हे.

निवृत्त_मेट्रन
आमच्याकडच्या डमीला एकच हात होता. बीपी त्याच हाताला घ्यायचं आणि इंजेक्शनही त्याच हाताला.

बडोद्याचा_बापू
मी वडोदऱ्याला हॉस्पिटलच्या ऑफिसात असतो, रेकॉर्ड सेक्शन. वर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मुलं केस पेपरचा फोटो काढतात आणि जसाच्या तसा ॲपमध्ये टाकतात, "यावरून केअर प्लॅन दे". त्या फोटोत नाव, वय, पत्ता, आयपीडी नंबर, कधी कधी एचआयव्हीचा रिपोर्ट पण. एचआयव्हीबाबत गुप्ततेचा वेगळा कायदा आहे २०१७ चा, आणि डिजिटल डेटाचा २०२३ चा. विद्यार्थी आहे म्हणून सूट नाही मिळणार कोणाला. मेधाबेन, पहिला नियम हाच करा, वॉर्डात केस पेपरचा फोटो नाही. जे हवं ते वहीत लिहून घ्यायचं, नाव गाव न लिहिता.

मेधा_सुदामानगर
बापूभाई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं की फोटो पण जात असतील. उद्याच विचारते वर्गात.

मेधा_सुदामानगर
विचारलं. अर्ध्याहून जास्त हात वर. 🤦‍♀️

हायडेलबर्गकर
मूळचा इंदूरचा, रामबागेतला, सध्या जर्मनीत नर्स. इथे यायला भाषेची बी-टू लेव्हल लागते, ती क्लासने मिळाली पण वॉर्डातला हँडओव्हर (ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती देतात तो) कळायला एआयनेच मदत केली. त्याला सांगायचो, तू नाइट ड्यूटीची दमलेली नर्स आहेस, पटापट आणि अर्धवट वाक्यांत सहा पेशंट सांग, मी नोट्स काढतो, मग माझं काय सुटलं ते दाखव. मिरचीताईंच्या सासू-सुनेसारखंच. एक सावधगिरी, साखरेची एककं. भारतात मिलिग्रॅम, इथे काही हॉस्पिटलांत मिलिग्रॅम आणि काही ठिकाणी मिलिमोल. ७ मिलिमोल म्हणजे १२६ मिलिग्रॅम, १८ ने गुणायचं. एआय कधी एक वापरतं कधी दुसरं, मुलांना दोन्ही ओळखता आली पाहिजेत.

स्वप्नील_विजयनगर
मेधा मॅडम, एआयने लिहिलेलं ओळखणारं सॉफ्टवेअर मिळतं की. ते लावा, विषय संपला.

कोडकरी
नका लावू. ओपनएआयने स्वतःचाच असा डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये बंद केला, कारण अचूकता कमी होती. साचेबद्ध इंग्रजी लिहिणाऱ्यांवर असल्या गोष्टी हमखास संशय घेतात, आणि नर्सिंगचं इंग्रजी सगळं साच्यातलंच असतं. अन्वयासारखी मुलगी रात्रभर जागून स्वतः लिहील आणि सॉफ्टवेअर तिलाच पकडेल.

निवृत्त_मेट्रन
अजून एक राहिलं. मुली हल्ली प्रेझेंटेशनसाठी चित्रंही त्याच्याकडूनच काढून घेतात. बेडसोअरच्या (झोपून झोपून होणाऱ्या जखमांच्या) स्टेजेसचं एक दाखवलं मला. सगळी कातडी गोरी गुलाबी. पहिल्या स्टेजला दाबलं तरी न जाणारी लाली दिसते असं पुस्तकातही असतं, पण सावळ्या अंगावर लाली दिसतच नाही हो! तिथे बोटांनी बघावं लागतं, जागा आजूबाजूपेक्षा गरम आहे का, कडक लागते का, पेशंट तिथे हात लावला की चेहरा वाकडा करतो का. धारच्या शेतमजुराच्या पाठीवर गुलाबी डाग शोधत बसल्या तर दुसरी स्टेज येऊन जाईल.

डॉ_खडूस
हे मात्र पुस्तकांचंही पाप आहे, एकट्या एआयचं नाही. मान्य.

भियाजी
नोंद घ्या, डॉक्टरसाहेबांनी काहीतरी मान्य केलं.

मेधा_सुदामानगर
मधे लिहायला जमलं नाही, सर्जिकल वॉर्डाचं पोस्टिंग होतं. तुमच्या सगळ्यांचं वाचून एक प्रयोग केला तो सांगते.

बॅचला म्हटलं, केअर प्लॅन तुम्ही लिहूच नका. एआयकडूनच घ्या, फक्त रोग आणि ऑपरेशन सांगून, पेशंटची काहीही ओळख न देता. त्याची प्रिंट काढा आणि लाल पेन घेऊन पेशंटच्या खाटेशी जाऊन उभ्या राहा. या माणसाला जे लागू नाही ते खोडा, बाजूला कारण लिहा, आणि जे सुटलंय ते भरा. पहिल्या दिवशी मुली घुटमळल्या, छापील मजकूर खोडायची सवयच नाही. मग सुरू झाल्या.

एका मुलीकडे हर्नियाचं ऑपरेशन झालेले जैन आजोबा होते. प्लॅनमध्ये प्रोटीनसाठी अंडी, मासे. ते तर सगळ्यांनीच खोडलं असतं. पण ती आजोबांशी बोलत बसली तेव्हा कळलं की ते चौविहार पाळतात, सूर्यास्तानंतर पाणीही नाही. आणि प्लॅनमध्ये, वॉर्डाच्या चार्टमध्येसुद्धा, रात्री ९ ची गोळी पाण्याबरोबर. आजोबा गोळी घेऊन उशीखाली ठेवत होते! चार्टवर रोज "दिली" अशी सही. मुलीने लाल पेनाने लिहिलं, "९ ची वेळ चालणार नाही, संध्याकाळी ६ च्या आधी देता येईल का डॉक्टरांना विचारणे, रात्रीच्या पाण्याचं प्रमाण दिवसात भरून काढणे, गोळी तोंडात घेतल्याचं पाहूनच सही करणे". वेळ बदलून मिळाली. दुसरीकडे एकीने "कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारणे" खोडलं, कारण कॉरिडॉरमध्ये जमिनीवर पेशंट होते, चालायला जागाच नव्हती, तिने खाट ते खिडकी असं लिहिलं.

आता फाइल चार पानांची. मार्क पानांना नाहीत, खोडण्याच्या कारणांना आहेत, आणि व्हायवा खाटेशेजारी. प्राचार्य अजून पूर्ण तयार नाहीत पण एका बॅचला परवानगी मिळालीय. औषधाचं गणित मात्र फोनशिवाय, पाकीट आणि वायल हातात घेऊनच. तिथे डॉक्टरसाहेबांचं ऐकलं.

मालवी_मिरची
उशीखालच्या गोळ्या! आमच्या वॉर्डात गाद्या उचलल्या तर मेडिकल स्टोअर निघेल.

निवृत्त_मेट्रन
शाब्बास त्या मुलीची. तिला माझ्याकडून लाल पेनांचा डबा.

डॉ_खडूस
प्रयोग चांगला आहे. एक शंका. एआयने जे लिहिलंच नाही ते मुलींना सुचेल का? छापील प्लॅन समोर असला की नजर तेवढ्यातच फिरते. आधी पेशंट बघून पाच ओळी स्वतःच्या लिहायला लावा, मग प्रिंट हातात द्या. क्रम उलटा केला तर बराच फरक पडेल.

मेधा_सुदामानगर
हे पटलं. पुढच्या बॅचला तसंच करते.

अन्वया_थर्डइयर
मेधा मॅडम, तुमच्या कॉलेजला ट्रान्सफर मिळते का 😭

गंगा_बडवानी
नवीन सदस्य आहे. मी बडवानीकडे एएनएमच्या (गावपातळीवर काम करणाऱ्या नर्सच्या) मुलींना शिकवते, दोन वर्षांचा कोर्स. मुलींकडे स्मार्टफोन असतात पण होस्टेलवर नेट नीट चालत नाही. हे लाल पेनवालं आमच्याकडे जमेल का?

मेधा_सुदामानगर
गंगाताई, स्वागत. मुलींना नेट लागतच नाही त्याला. तुम्ही एकट्याच तुमच्या फोनवरून आठवड्याचे चार-पाच प्लॅन काढा, बाळंतपणानंतरची काळजी, ॲनिमिया, जुलाब झालेलं मूल वगैरे, हिंदीत मागा, आधी स्वतः वाचून बघा, औषधांचे डोस आले असतील तर ते काढून टाका आणि मगच झेरॉक्स. उपकेंद्रावर जाताना मुलींच्या हातात द्या. डॉक्टरसाहेबांनी सांगितलेल्या पाच ओळी आधी वहीत. आणि प्रिंट एकाच बाजूला काढा, कारण मुली मागच्या कोऱ्या बाजूवर जास्त लिहितात.